कंपन्या म्हणतात दिवाळीचा बॉक्स नको. मग गिऱ्हाइकाची आणि आपल्या माणसांची कदर करायची कशी?

लेथवाला

भोसरीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. टर्निंग, बोअरिंग, थोडं ग्राइंडिंग, सगळं जॉब वर्क, म्हणजे कंपन्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे भाग करून द्यायचे. गिऱ्हाईक म्हणजे कागदावर चाकण-पिंपरीतल्या कंपन्या. प्रत्यक्षात मात्र तिथले परचेस, स्टोअर्स आणि क्वालिटीचे चार-सहा लोक, ज्यांच्याशी रोज फोन होतो. दर दिवाळीला त्यांना सुकामेव्याचे बॉक्स जायचे. यंदा दसऱ्याच्या आधीच पत्रं आली, की पुरवठादारांनी आमच्या कर्मचाऱ्यांना कोणतीही भेट पाठवू नये.

मला तर हायसंच वाटलं. कुणाला मोठा बॉक्स, कुणाला लहान, हा हिशेब कधीच आवडला नव्हता. काजूच्या डब्यामुळे पुढची ऑर्डर मिळते यावर माझा विश्वास नाही, आणि मिळत असेल तर तिला कदर म्हणत नाहीत.

पण प्रश्न उरतोच. एका ठिकाणी स्टोअर्सचा माणूस आहे, आमचा टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचला तर थांबून माल उतरवून घेतो. एक क्वालिटी इंजिनिअर आहे, ड्रॉइंगमध्येच गडबड असली तर ती आमच्या माथी न मारता स्वतः डिझाइनवाल्यांना फोन करतो. यांना आपण काही म्हणतो का? आणि तोच प्रश्न शॉपमधल्या माणसांचा. खंडेनवमीला मशिनची पूजा, पेढे, दिवाळीला बोनस, झालं. बाकीचं वर्षभर बोलणं होतं ते बिघडलेल्या कामाबद्दल. रिजेक्शन आलं की लाल टॅग, फोटो, फोन, मीटिंग. महिनाभर एकही पीस परत आला नाही तर काय होतं? काहीच नाही. तक्रारीला ठरलेला रस्ता आहे, चांगल्या कामाला नाही.

तुमच्याकडे काय करता? दुकान, दवाखाना, ऑफिस, शेती, काहीही चालेल. फक्त ऐकीव नको, केलेलं सांगा.

फटकळ

पगार वाढवा. धागा संपला.

सुनीती_हिंजवडी

धागा चांगला आहे. फटकळ, पगार हवाच, त्यात वाद नाही. पण हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून मांडलेलं आजही आम्हा एचआरवाल्यांना शिकवतात. पगार, कामाच्या जागेची स्थिती, वरिष्ठांची वागणूक हे बरं नसलं तर माणूस वैतागतो. पण ते बरं झालं म्हणून तो कामात रमतो असं नाही. रमण्यासाठी जमलेलं काम आणि त्याची कुणीतरी घेतलेली दखल लागते. दोन वेगळी खाती आहेत. एकातली तूट दुसऱ्यातून भरत नाही.

आमच्या कंपनीत त्यासाठी अ‍ॅप आहे. सहकाऱ्याला पॉइंट द्यायचे, बॅज द्यायचा, पॉइंट साठले की व्हाउचर.

फटकळ

"एकातली तूट दुसऱ्यातून भरत नाही" हे तुम्हीच लिहिलंत, मी जपून ठेवतो. पुढच्या अप्रेझलला बॅज दाखवून इन्क्रिमेंट नाकारतील तेव्हा चिकटवीन.

आणि ते अ‍ॅप! तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम एकमेकांबद्दल प्रेमाचा उमाळा येतो, कारण न वाटलेले पॉइंट लॅप्स होतात.

सुनीती_हिंजवडी

पॉइंट लॅप्स होतात हे खरं आहे. 😀

सिस्टर_सोलापूर

मी वीसेक वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आमचा दिवस १२ मे, फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. त्या दिवशी गुलाब, केक, मेणबत्त्या घेऊन शपथ, ट्रस्टींचं भाषण, त्यात 'सेवाव्रती' आणि 'देवदूत' हे शब्द हमखास. १३ मेला ड्यूटी लिस्ट लागते आणि त्याच पोरीला लागोपाठ नाइट आलेल्या असतात, कारण ती तक्रार करत नाही.

कदर म्हणजे काय ते मला एका फिजिशियन सरांकडून कळलं. राउंडला नातेवाईक बेडभोवती उभे होते, सगळे सरांचे आभार मानत होते. सर म्हणाले, "पहाटे तीनला यांचं बीपी पडतंय हे या सिस्टरांनी ओळखलं आणि मला उठवलं. आधी यांना भेटा." बस, एवढंच. ती मुलगी नवी होती, जेमतेम वर्ष झालेलं. त्यानंतर तिच्या नाइटला काही वेगळं वाटलं तर ती फोन करायला कधी कचरली नाही. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी रात्री उठवलं म्हणून बोलणी खाल्लेली होती तिने. म्हणजे त्या एका वाक्याचा फायदा पुढच्या पेशंटलाही झाला, हे लक्षात घ्या.

आणि डिस्चार्जच्या वेळी पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात. बेडपॅन देणाऱ्या मावशीचं नाव कुणालाच माहीत नसतं. एका आजोबांनी मात्र जाताना तिचं नाव विचारून घेतलं आणि हाक मारून सांगितलं, "छायाबाई, येतो." (नाव बदललंय.) मावशी आठवडाभर ते सांगत होत्या.

लेथवाले दादा, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: ज्याने काम केलं त्याचं नाव, केलेली नेमकी गोष्ट, आणि ती ज्याला कळायला हवी त्याच्यासमोर. 'छान काम करता हं तुम्ही सगळे' याला काही अर्थ नाही. ते आम्ही १२ मेला ऐकतो.

पावसाळी_बेडूक

सिस्टर, +१. तो 'देवदूत' शब्द आमच्या शिक्षकांच्या 'राष्ट्राचे शिल्पकार'चा सख्खा भाऊ. ५ सप्टेंबरला शिल्पकार, ६ तारखेला सर्वेक्षणाचे फॉर्म.

सीए_काका

थोडं रुक्ष पण गरजेचं.

पहिलं, बोनस म्हणजे भेट नव्हे. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, कमाल मर्यादा २० टक्के. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या हिशेबाला एक महिन्याचं वेतन (त्यासाठी धरायच्या वेतनाला कायद्याची मर्यादा असते, ते वेगळं). आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून आपल्याकडे तो दिवाळीला बसतो. त्यामुळे मालकाने बोनसचं पाकीट देताना उपकाराचा चेहरा करू नये. हक्काचं द्या आणि कौतुक त्याहून वेगळं करा.

दुसरं, डीलर, डिस्ट्रिब्युटर, कमिशनवाले यांना सोन्याचं नाणं, परदेश सहल वगैरे देणाऱ्यांसाठी: १ जुलै २०२२ पासून अशा लाभावर, वर्षात एका व्यक्तीला २०,००० रुपयांच्या वर गेला तर, १० टक्के टीडीएस कापायचा आहे. बँकॉकची ट्रिप 'प्रेमाने' दिली तरी प्राप्तिकर खात्याला ते प्रेम उत्पन्नच दिसतं.

तिसरं, आणि हे लेथवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही गिऱ्हाइकाला काय द्यावं हे विचारताय. गिऱ्हाइकाने तुम्हाला काय द्यावं हे कायद्यात लिहिलेलं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरताच येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायचा. तुमचं उद्यम नोंदणी प्रमाणपत्र त्यांच्याकडे दिलेलं आहे ना? बिलावर नंबर छापा.

लेथवाला

काका, नंबर छापलेला आहे. पैसे यायला तरी नव्वद दिवस लागतात. आणि व्याज मागितलं तर पुढचा ड्रॉइंग दुसऱ्याकडे जातो हे तुम्हालाही माहीत आहे.

सिस्टर, तुमचं "ज्याला कळायला हवी त्याच्यासमोर" डोक्यात बसलं. बाकी वाचतोय.

पंचगंगा

पेमेंटचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत. दिवाळीआधी वर्षाचा 'फरक' वाटतात, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात जादा पैसे. कपडे, फराळ, पोरांचे फटाके, सगळं त्या फरकावर. संस्थेच्या दारात मांडव, चेअरमनचा फोटो, भाषण. फरक गोड लागतो, नाही कशाला म्हणू.

पण सासूबाई म्हणतात ते मला जास्त पटतं. त्या संस्था बघतात ती दोन गोष्टींवरून. दुधाची फॅट, जिच्यावर दर ठरतो, ती आपल्यासमोर लावली का, आणि दर दहा दिवसांचं बिल वेळेत आलं का. पूर्वी आमच्या गावात दुसरी संस्था होती, तिचा फरक मोठा असायचा. पण वर्षभर फॅट पडायची कमी. म्हणजे आपलेच पैसे कापून दिवाळीला आपल्याच हातावर ठेवायचे, वर हार घालून घ्यायचे. बायकांनी एक-एक करून दुधाची कासंडी तिथून हलवली. भांडण नाही, मोर्चा नाही.

तुमच्या कंपन्यांनाही हेच लागू पडतं. नव्वद दिवसांनी पैसे देणाऱ्याने 'बेस्ट व्हेंडर'ची काचेची ट्रॉफी देऊ नये.

फटकळ

काचेची ट्रॉफी 😂 पंचगंगा, दंडवत.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळतात अन् त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, पुरणपोळी. तोरण तुटलं, पोळा फुटला की गडीमाणूस जोडी घेऊन घरोघरी जातो, लोक बैलाले ओवाळतात अन् गड्याले बोजारा, म्हणजे बक्षिसी, देतात.

हे सारं देखणं आहे, मी दरसाल जातो. पण बैलाची कदर कोण करतो हे पोळ्याले नाही समजत. ते चैत्र-वैशाखात समजते, खांद्याले गाठ आली का हे जू ठेवायच्या आधी कोण पाहते त्याच्यावरून. सालदाराचंही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचंही, तसंच. त्याचं साल पाडव्याले ठरते. आमचे आजोबा सालदार ठरवताना पैशाचं बोलणं झालं की एकच इचारत, लेकरू कोणत्या वर्गात गेलं. दरसाल. अन् पुढच्या साली बरोबर एक वर्ग पुढचा इचारत. आमच्याकडे तो माणूस म्हातारा होईस्तोवर राहिला.

आता बैल कमी झाले, ट्रॅक्टरले हार घालतात. चालायचंच.

किराणा_सांगली

दुकान वडिलांपासूनचं आहे. नव्या वर्षाला कॅलेंडर, संक्रांतीला तिळगूळ, हे सगळे दुकानदार करतात आणि आम्हीही करतो. त्यानं गिऱ्हाईक टिकतं असं मला वाटत नाही; नाही दिलं तर मात्र "यंदा कॅलेंडर नाही का?" हे ऐकावं लागतं.

टिकतं ते कशानं, ते सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याकडची नवी मालदांडी ज्वारी येते. पोती उतरली की ज्यांना मालदांडीच लागते त्यांना मी फोन करतो. "काकू, नवी आलीय, थोडी नेऊन भाकरी करून बघा, मग वर्षाची भरा." सगळ्यांना मेसेज टाकत नाही, कारण सगळ्यांना ज्वारी नको असते. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना तांदळाची स्कीम कळवत नाही. एका आजींना छापील पावतीवरचं दिसत नाही, त्यांची यादी मुलगा अजून मोठ्या अक्षरात हाताने लिहून देतो. दहा मिनिटांत सामान पोचवणारी अ‍ॅपं आता इथेही येऊ घातलीत. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, पण ती ज्वारी खराब निघाली म्हणून फोन कुणाला करणार?

उलट बाजूही सांगतो. अति कौतुक लोकांना संशयास्पद वाटतं. शेजारच्या मॉलमध्ये काउंटरवरची पोरगी प्रत्येकाला "तुमचा दिवस शुभ जावो" म्हणते, तिला म्हणायलाच लावलंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आमच्याकडे पेठेत कुणी विनाकारण गोड बोलला की लोक आधी वजनकाटा बघतात.

रात्रपाळी

मी स्वतः सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनचा ऑपरेटर आहे, लेथवाल्या साहेबांच्या नाही, दुसऱ्या एमआयडीसीत. इथे सगळे मालकांच्या बाजूने लिहितायत म्हणून खाते उघडले.

१. सगळ्यांसमोर माझे नाव घेऊन कौतुक करू नका. महिनाभर बाकीचे 'साहेबाचा माणूस' म्हणतात, हेल्पर ऐकत नाही, जेवायला बसल्यावर टोमणे. एकट्याला बोलवून सांगा, किंवा पूर्ण शिफ्टचे सांगा. सिस्टर ताईंचे हॉस्पिटलमध्ये चालत असेल, शॉपमध्ये नाही चालत.

२. उचल मागितली तर द्या किंवा नाही म्हणा. पण कारण खोदून विचारू नका. बहिणीचे बाळंतपण सुपरवायझरसमोर सांगायला लागते तेव्हा त्या उचलीची किंमत राहत नाही. आमच्या आधीच्या शेठजींचा हिशेबनीस पाकिटात घालून द्यायचा, विचारायचा फक्त "किती हप्ते करू?"

३. सुट्टीच्या दिवशी फोन नको.

४. मी चार वर्षे एकच बुश करतोय. आत-बाहेर दोन्ही डाया (व्यास), वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा खेळ. तो कशात बसतो मला माहीत नाही. विचारले तर सांगितले, गाडीत कुठेतरी. घरी मुलगी विचारते पप्पा काय बनवता, मी काय सांगू, गाडीत कुठेतरी?

फटकळ

रात्रपाळी, चौथा मुद्दा वाचून काही बोलायचं राहिलं नाही. असंच लिहीत राहा.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ राहते, ऑटो कंपन्यांच्याच गावात. इथली माणसं तोंडावर कौतुक करण्यात फार कंजूष, या भागातले स्वाबियन लोक तर त्यासाठी बदनामच आहेत. काही ओरडा झाला नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं अशी त्यांची समजूत आहे, थोडी आपल्या जुन्या वडीलधाऱ्यांसारखी. वाढदिवसालाही ज्याचा असतो त्यानेच केक आणायचा!

पण एक गोष्ट मला फार आवडली. नोकरी सोडताना लेखी दाखला मिळणं हा इथे कायद्याने हक्क आहे. आपल्यासारखं 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तन चांगले' एवढं एका ओळीचं नाही. कामगाराने मागितलं की कोणतं काम केलं, काय जबाबदाऱ्या होत्या, काम कसं होतं, हे सविस्तर लिहावं लागतं, आणि मजकूर त्याच्या पुढच्या वाटचालीत अडथळा येईल असा लिहिता येत नाही. लोक त्यावरून कोर्टात जातात. अर्थात त्यातही छुपी भाषा तयार झालीय, वरून गोड आणि आतून दोन मार्क कमी, पण ते असो.

लेथवाले, तुमच्याकडून माणूस गेला तर त्याला काय कागद देता? दहा वर्षं वीस मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्याच्या हातात ते लिहिलेला कागद हवा. तो वर्षाच्या मधेही देता येतो, नोकरी सोडायची वाट कशाला बघायची?

लालबागचा_मी

डबेवाल्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १८९० पासून चाललेलं काम आहे. दिवाळीला गिऱ्हाइकाकडून एक महिन्याचा पगार जादा घ्यायची त्यांची पद्धत आहे. आमच्या ऑफिसात नवीन आलेले कुरकुर करतात, जुने देतात. पण खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, गावच्या जत्रेसाठी ते सगळे मिळून पाच-सहा दिवस सुट्टीवर जातात. मावळ, मुळशी, खेडकडची माणसं. त्या दिवसांचे पैसे कापायचे का यावर दरवर्षी चर्चा होते. आमच्याच ऑफिसात ज्याने दिवाळीला फोटो काढून बोनस दिला त्यानेच एप्रिलमध्ये कापायची भाषा केली होती. कुणी कापले नाहीत शेवटी.

सीए_काका

लालबागकर, मस्त उदाहरण. फोटोवरून आठवलं, सुरतेच्या एका हिरे व्यापाऱ्याने २०१४ मध्ये दिवाळीला कामगारांना गाड्या आणि फ्लॅट दिले, त्याची मोठी बातमी झाली होती. तेव्हा माझे दोन क्लायंट ऑफिसात आले होते, "काका, आपल्या माणसांनी पेपर वाचलाय, आता काय करायचं?" म्हटलं, पीएफ १५ तारखेच्या आत भरा, तिथून सुरुवात करू.

लेथवाला

सगळ्यांचं वाचलं. दरम्यान इकडे काही घडलं ते सांगतो.

रात्रपाळीचा चौथा मुद्दा वाचल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या सेटरला (कामासाठी मशिन लावून देणारा) विचारलं, हा जो फ्लँज आपण करतो तो कुठे बसतो? तो म्हणाला, पंपात. तो पंपात नाही, कॉम्प्रेसरमध्ये बसतो. इतकी वर्षं तो फ्लँज तोच सेट करतोय. मग त्या क्वालिटी इंजिनिअरला फोन लावला, म्हटलं बॉक्स घ्यायची परवानगी नाही, पण आमच्या दोन माणसांना तुमची असेंब्ली लाइन दाखवायला परवानगी आहे का? तो आधी गप्पच झाला. मग म्हणाला, असं कुणी व्हेंडरनी कधी विचारलं नाही, प्लँट हेडला विचारून सांगतो. तीन दिवसांत होकार आला. शिवाय त्याच्या वरिष्ठांना मी मेल केली, त्याने ड्रॉइंगमधली कोणती चूक वेळेत पकडली आणि त्यामुळे किती माल भंगारात जायचा वाचला, पार्ट नंबरसकट. त्याला प्रत ठेवली नाही, मुद्दाम. त्याच्या साहेबांनीच त्याला सांगितलं असेल किंवा नसेल.

दाखल्याचं नेकारकाठ यांचं म्हणणं मान्य. दिवाळीनंतर बसतो लिहायला, मराठीतच, कोण कोणत्या मशिनवर काय करतो ते.

आता नवीन भानगड. दोघांनाच पास आहे. सेटर सगळ्यात जुना, त्याचा मान. दुसरा कोण? एक ऑपरेटर आहे, हुशार. एक हेल्पर आहे, डिबरिंग करतो (पीसच्या धारदार कडा साफ करतो), कुणी त्याला विचारत नाही. रात्रपाळी म्हणतात तसं एकाला निवडलं की बाकीचे तोंड वाकडं करणार.

सिस्टर_सोलापूर

हेल्पर.

किराणा_सांगली

चिठ्ठ्या टाका. कुणाला बोलायला जागा नाही.

रात्रपाळी

सेटर आणि हेल्पर पाठवा. ऑपरेटरला पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ आहे हे आत्ताच सांगा, तारीख घेऊन. त्या दिवसाची हजेरी भरा. ओव्हरटाइम बुडाला तर तोही. आणि गेटवर सेफ्टी शूज, आधारची झेरॉक्स, ईएसआयसी (कामगार विमा) नंबर मागतात, शूज नसले तर परत पाठवतात. हेल्परकडे शूज आहेत का आधी बघा. बहुतेक चप्पल असते.

लेथवाला

चप्पलच आहे. आज संध्याकाळी माप घेऊन शूज आणतो. बाकीच्या हेल्परांचंही माप घेतो, नाहीतर त्यावरून सुरू होईल.